प्लॅन बदलण्याचा सोपा प्रयोग (नवशिक्यांसाठी)

उद्देश

चालू असलेल्या मासिक वर्गणीचा दर असा बदलणे, की पैसे जास्त यावेत आणि गिऱ्हाईक मात्र होतं तेवढंच राहावं.

हे शक्य आहे का, असं विचारू नये. शाळेच्या प्रयोगवहीत उद्देशाला कुणी उलट प्रश्न केल्याचं ऐकिवात नाही.

समजा, तुम्ही कर्जतचे आहात. खोपोलीचे असाल तरी चालेल, बहुतेकदा एक गाडी बदलावी लागते एवढंच. इंजिनिअरिंग झालं, पवईला की ऐरोलीला काही वर्षं नोकरी झाली. घरी येताना बदलापूरपर्यंत उभं राहायचं आणि तिथून पुढे रिकाम्या झालेल्या बाकावर लॅपटॉप उघडायचा, या दिनक्रमातून एक सॉफ्टवेअर तयार झालं: फार्महाऊसवाल्यांसाठी बुकिंगची वही. शनिवारी कुठल्या बंगल्यात किती डोकी, ॲडव्हान्स किती आला, व्हेज किती, नॉनव्हेज किती, तलावासाठी टँकर कधी बोलवायचा, सगळं मोबाइलवर. दर ठेवलात महिना ५०० रुपये, कारण आकडा तोंडात चटकन बसतो. नेरळपासून खालापूरपर्यंतच्या मालकांनी घेतलंही. आता सर्व्हरचं बिल वाढलंय, मेसेज पाठवायचा खर्च वाढलाय, आणि ५०० मध्ये तुमचा चहासुद्धा निघत नाही. दर बदलायचाय.

अशा वेळी नवशिका परदेशी व्हिडिओ बघायला बसतो. त्यात दाढीवाला एक गृहस्थ तीन रकान्यांचा तक्ता दाखवतो आणि मधल्या रकान्याला रंग द्या म्हणतो. त्या गृहस्थाबद्दल मला आदर आहे. पण इतक्या लांब जायचं कारण नाही. कर्जतची तिकीटखिडकी आणि खालापूरचा टोलनाका, एवढ्या पट्ट्यात दर बदलण्याचं बहुतेक सगळं शास्त्र फुकट बघायला मिळतं.

साहित्य

लोकलचा एक पास, गाडीच्या काचेवरचा एक फास्टॅग, रिचार्ज संपत आलेला एक मोबाइल, आणि दुधाचे खाडे मांडलेलं स्वयंपाकघरातलं कॅलेंडर.

कृती पहिली: पास

पास ॲपवर काढत असाल तरी एकदा खिडकीशी जाऊन उभे राहा. रांगेत जे ऐकू येतं ते ॲपमध्ये येत नाही.

उपनगरी दुसऱ्या वर्गाचा मासिक पास साधारण १५ एकेरी तिकिटांच्या हिशोबाने मिळतो. महिन्यात २५ दिवस जा-ये करणारा माणूस ५० फेऱ्या मारतो आणि १५ फेऱ्यांचे पैसे भरतो. तीन महिन्यांचा पास मासिकाच्या २.७ पट, सहा महिन्यांचा ५.४ पट, वर्षाचा १०.८ पट. कॅल्क्युलेटर काढा. तीन महिन्यांचा घेतला तर दहा टक्के सूट, आणि वर्षाचा घेतला तरी दहाच टक्के. दाढीवाल्या गृहस्थांना हे दाखवलं तर त्यांना भोवळ येईल. वर्षभराचे पैसे आगाऊ देणाऱ्याला दोन महिने फुकट द्यायचे, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा.

मग वार्षिक पास काढायचा कशाला? त्याचं उत्तर जून २०१४ मध्ये मिळालं. २० तारखेला रेल्वेने भाडेवाढ जाहीर केली: १४.२ टक्के, २५ जूनपासून. एवढ्यावर भागलं असतं तर मुंबईकर दोन दिवस करवादला असता आणि तिसऱ्या दिवशी ७.५२ ला चढला असता. पण त्याच फटक्यात पासाचा हिशोबही बदलला. १५ फेऱ्यांच्या जागी ३० फेऱ्या धरायच्या ठरल्या. म्हणजे पास दुपटीच्याही वर. खिडक्यांवर रांगा लागल्या. ज्याच्या खिशात होते त्याने लांब मुदतीचा पास काढून ठेवला. वार्षिक पासावरची सूट दहा टक्केच असली, तरी त्यासोबत एक शब्द मिळत होता: आमचा दर काहीही होवो, तुझा मुदतीपर्यंत हाच. दरवाढ डोक्यावर आली की या शब्दाची किंमत सवलतीपेक्षा जास्त होते.

पुढे काय झालं, तेही प्रयोगवहीत उतरवून घ्या. सेना-भाजपचे मुंबईचे खासदार रेल्वेमंत्री सदानंद गौडा यांना भेटले. त्याच वर्षी ऑक्टोबरात महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक होती, हा योगायोग. २४ तारखेला माघार जाहीर झाली. पास पुन्हा १५ फेऱ्यांवर आला, आणि उपनगरी दुसऱ्या वर्गाचं तिकीट ८० किलोमीटरपर्यंत वाढणार नाही असं ठरलं.

८० किलोमीटरपर्यंत. सीएसएमटीपासून कर्जत १०० किलोमीटर. बदलापूर आत, आपण बाहेर. ओरडायला सगळे होते, सवलतीची रेघ मात्र आपल्या अलीकडे संपली.

यातून तुम्ही दोन गोष्टी घ्या. पहिली, दर वाढवायचा तर दरच वाढवा, मोजायची पट्टी बदलू नका. टक्केवारी माणूस गिळतो. पट्टी बदलली की त्याला आपण फसलो असं वाटतं, आणि बहुधा ते खरंच असतं. व्हिडिओ गेमवाल्यांना इंजिन पुरवणाऱ्या युनिटी कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये हेच केलं. ठराविक मर्यादेपुढे गेलेला गेम जितक्यांदा कुणाच्या यंत्रावर चढेल तितक्यांदा पैसे, आणि तेही आधीच बाजारात असलेल्या गेमना धरून. जगभरचे गेमवाले खवळले. दहा-बारा दिवसांत कंपनीने निम्मी माघार घेतली, ऑक्टोबरात प्रमुख पायउतार झाले आणि पुढच्या सप्टेंबरात ते शुल्कच गुंडाळलं. तेव्हा 'दर बंगला ५००' बदलून 'दर पाहुणा १०' करायचा मोह तुम्हाला होईल, तो आवरा. तसं केलंत तर येत्या शनिवारी तुमच्या सॉफ्टवेअरनुसार अख्ख्या कर्जत तालुक्यात माणूस फिरकलेला नसेल.

दुसरी गोष्ट रेघेची. सवलत कुठेतरी संपवावी लागते, त्याला इलाज नाही. पण ती रेघ ओढण्याआधी नकाशा उघडा आणि रेघेच्या पलीकडे २० किलोमीटरवर कोण राहतं ते बघा. तो तुमचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक निघण्याची शक्यता दाट असते. जुनी माणसं कायम शेवटच्या स्टेशनला राहतात.

कृती दुसरी: टोल

आता खालापूरला या. शक्यतो शनिवारी सकाळी, म्हणजे निरीक्षणाला भरपूर वेळ मिळतो.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा दर कसा वाढणार हे २००४ सालीच ठरून गेलेलं आहे. वर्षाला सहा टक्के, पण दरवर्षी नाही. तीन वर्षांचे एकदम अठरा, १ एप्रिलला. मोटारीचा टोल २०१४ मध्ये १९५, २०१७ मध्ये २३०, २०२० मध्ये २७०, २०२३ मध्ये ३२०. बैठक नको, सर्वेक्षण नको, 'आपल्या अधिक चांगल्या सेवेसाठी' असली पत्रं नकोत. पूर्वसूचना या प्रकाराची ही परमावधी आहे: २०२३ ची वाढ एकोणीस वर्षं आधी सांगून ठेवलेली होती. तरीही दर तिसऱ्या एप्रिलला ती बातमी होते आणि दर तिसऱ्या एप्रिलला माणसं चकित होतात. सांगितलं आणि ऐकलं या दोन गोष्टींत केवढा रस्ता आहे, ते इथे मोजून घ्या.

मला या पद्धतीचं कौतुक आहे, हे लपवत नाही. दर कधी, किती आणि कशाने वाढेल हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवणं हा सभ्यपणा आहे, आणि बहुतेक सॉफ्टवेअरवाल्यांना तो जमत नाही. पण नवशिक्याने इथून निघताना एक चूक हमखास करायची असते. त्याला वाटतं, सूत्र चांगलं म्हणून लोक भरतात. लोक भरतात कारण मागे ट्रक असतो. बाजूला जुना रस्ता आहे, खोपोलीतून चढणारा. पण पोरं मागे वडे मागताहेत, लोणावळ्याला खोली घेऊन ठेवलीय, अशा वेळी तौलनिक अभ्यास कोण करतो? टोल भरून पुढे फूड मॉलला थांबला की तोच माणूस वड्यालाही सांगतील ती किंमत देतो.

तुमचं गिऱ्हाईक असं अडकलेलं नाही. त्याचा जुना रस्ता म्हणजे लांब आकाराची पुठ्ठ्याची वही आणि दोरीने बांधलेलं पेन. ती वही हँग होत नाही, पासवर्ड मागत नाही, लाइट गेली तरी उघडते. आणि आपल्याकडे लाइट जाते. तुमची स्पर्धा बंगळुरूच्या कुठल्या कंपनीशी नसून त्या वहीशी आहे. ५०० चे ५९० केलेत तर मालक तुमच्याशी भांडणार नाही. तो फक्त वहीचं पान उलटेल.

नाक्यावरून निघण्याआधी फास्टॅगच्या वार्षिक पासाचं प्रकरण बघून घ्या. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटारींसाठी ३,००० रुपयांचा पास निघाला, २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. फेरीला १५ रुपये पडले. उत्तम प्लॅन आहे. फक्त तो राष्ट्रीय महामार्गांवरच्या नाक्यांवर चालतो, आणि आपला द्रुतगती मार्ग राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा. त्यामुळे देशभर चालणारा पास काचेवर लावून खालापूरच्या नाक्यावर आलं तरी पूर्वीइतकाच टोल जातो. नियमात हे लिहिलेलं होतं. नियम वाचून टोलनाक्यावर येणारा माणूस मी अजून पाहायचा आहे. तेव्हा नव्या प्लॅनमध्ये काय मिळत नाही, ते वर लिहा, मोठ्या अक्षरात. खाली बारीक लिहिलंत तर प्रत्येकाला तोंडी समजावत बसावं लागेल, आणि ते काम रविवारी रात्री करावं लागेल.

कृती तिसरी: महिना छाटणे

मोबाइल बघा. २८ दिवसांचा महिना. १३ वेळा रिचार्ज मारा, ३६४ दिवस होतात. पंचांगात अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो, मोबाइल कंपन्यांकडे दरवर्षी. शेवटी जानेवारी २०२२ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने फर्मान काढलं, की निदान एक प्लॅन पूर्ण ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा ठेवा. ते आले. २८ दिवसांचेही सुखात आहेत.

तुम्हालाही हे सुचेलच. ५०० चा आकडा न हलवता महिना २८ दिवसांचा केला की वर्षाचे ६,००० चे ६,५०० होतात. सव्वाआठ टक्के, अगदी चोरपावलांनी. करू नका. तुमचं गिऱ्हाईक माळ्याचा पगार, विजेचं बिल, वाण्याची उधारी सगळं एक तारखेशी बांधून बसलेलं असतं. त्याला तुमची तारीख दर महिन्याला मागे सरकताना दिसेल, आणि दोन महिन्यांत तो बोटांवर मोजून दाखवेल. शिवाय पाय सगळ्यांनाच असतात. जुलै २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांनी एकामागोमाग एक दर वाढवले, जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन २३९ चा २९९ झाला, आणि त्या एका महिन्यात बीएसएनएलकडे जवळपास २९ लाख ग्राहक वाढले. ज्या कंपनीची सगळे थट्टा करत होते, तिच्याकडे.

कृती चौथी: तीन रकाने

एकाला रौप्य, एकाला सुवर्ण, एकाला प्लॅटिनम नाव द्यायचं आणि मधल्याला रंग. मालक फोन करून म्हणेल, "त्यातला स्वस्तातला लाव." कृती संपली.

कृती पाचवी: आपोआप कापणे

इथे जरा सावध व्हा, कारण कायदा जवळून जातो. दाढीवाले गृहस्थ सांगतात की कार्ड एकदा जोडलं की दर बदलून टाका, माणसाला कळायला तीन महिने लागतात. त्यांच्याकडे लागत असतील. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा, की आपोआप पैसे कापायच्या निदान २४ तास आधी गिऱ्हाइकाला मेसेज गेला पाहिजे, आणि दिलेल्या मर्यादेवर जाल तर त्याची परवानगी नव्याने घ्यावी लागेल. तो नियम आला तेव्हा मोठमोठ्या परदेशी कंपन्यांच्या वर्गण्या अडकल्या. म्हणजे चोरून दर वाढवायची वाट बँकेने आधीच बंद केलेली आहे. तुमचा चांगुलपणा तिथे कामाला येत नाही, याचं वाईट वाटून घेऊ नका.

ग्राहक संरक्षणाच्या केंद्रीय प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नची, म्हणजे ॲपमधून ग्राहकाला गंडवायच्या युक्त्यांची, यादी काढली. तेरा प्रकार आहेत. सब्स्क्रिप्शन ट्रॅप, म्हणजे आत यायला दार आणि बाहेर पडायला भुयार, हा त्यातला एक. आणखी एकाला तर 'सास बिलिंग' (वर्गणीवर दिलेल्या सॉफ्टवेअरचं बिल) असंच नाव आहे, म्हणजे तुमचा धंदा समोर ठेवूनच तो लिहिलाय. नवशिक्याने ही यादी भिंतीला लावावी. मनात येणाऱ्या बहुतेक युक्त्यांना आधीच क्रमांक पडलेत हे बघून डोकं थंड होतं.

आता स्वयंपाकघरातलं कॅलेंडर. रतिबाचं दूध घालणारा माणूस दर कसा वाढवतो, ते मन लावून ऐका. तो दारात उभा राहतो आणि म्हणतो, "काकी, एक तारखेपासून लिटरमागे दोन रुपये वाढतील बरं का. पेंड महागली." तारीख, रक्कम, कारण, आणि तोंडावर सांगणं. काकी म्हणतात, "आणि दुधात पाणी वाढतंय त्याचं काय?" तो हसतो. व्यवहार पुढे चालू. या दोन वाक्यांच्या जागी तुम्ही तीन परिच्छेदांचं पत्र लिहिणार असाल, तर ते 'प्रिय ग्राहक' ने सुरू होणार हे मी आत्ताच सांगतो.

आणि त्याच्याकडे खाडा असतो. गावाला गेलात, चार दिवस दूध घेतलं नाही, चार दिवसांचे पैसे नाहीत. कॅलेंडरवर फुली, हिशोब संपला. सॉफ्टवेअरच्या दुनियेत ही सोय क्वचितच दिसते, आणि तुमच्या धंद्याला तिच्याइतकी दुसरी कुठलीच लागू पडत नाही. फेब्रुवारी-मार्चात मुलांच्या परीक्षा, बंगले रिकामे. पावसाळ्यात गर्दी उसळते आणि मग एखाद्या वर्षी धबधब्यांवर बंदीचा आदेश निघतो, की पुन्हा शुकशुकाट. अशा महिन्यात ५०० रुपये कापलेत तर मालकाला ते ५०० दिसतात. भरल्या महिन्यात ६०० कापलेत तर दिसत नाहीत. तेव्हा दर ६०० करा आणि वर्षाला दोन खाडे द्या. ६०० गुणिले १०, बरोबर ६,०००. वर्षाला तुमच्या हाती एक पैसाही जास्त आला नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. पण सगळे मालक दोन्ही खाडे घेत नाहीत. दुधाचेही सगळे खाडे कुणी मांडत नाही.

निरीक्षण

दर जाहीर केल्याच्या पहिल्या दिवशी काही होत नाही. दुसऱ्या दिवशी एक मालक फोन करतो, आपलं तुझ्या वडिलांपासूनचं आहे म्हणतो, आणि तुम्ही विरघळता. "काका, तुमच्यापुरतं पाचशेच ठेवतो, कुणाला बोलू नका." हे सकाळी अकराला. दुपारी तीन वाजता कर्जतच्या चारफाट्यावर चहाला उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते माहीत असतं, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांचं तुमच्या वडिलांपासूनचं निघतं.

म्हणून जुन्यांना जुना दर द्यायचा तर तो उपकार म्हणून देऊ नका, नियम म्हणून द्या, आणि मुदत लिहून द्या. 'कायमचा' लिहू नका. रेल्वेचा वार्षिक पासही वर्षाने संपतो आणि त्याबद्दल कुणी रेल्वेला कृतघ्न म्हटलेलं नाही.

खबरदारी

कधीतरी दर कमी करायचीही वेळ येते. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये आपल्याकडचा बेसिक प्लॅन ४९९ वरून १९९ वर आणला. तुमच्यावर अशी वेळ आली तर कमी केलेला दर फक्त नव्या गिऱ्हाइकांना देऊ नका. मे २०२२ मध्ये एसी लोकलचं सुटं तिकीट निम्म्यावर आलं आणि पास होता तसाच राहिला. रोजच्या प्रवाशांनी त्यावर डब्यात काय काय म्हटलं, ते छापण्याजोगं नाही.

प्लॅन बंद करायचं बटण पहिल्या पानावर ठेवा. त्याच्याशेजारी खाड्याचं बटण ठेवा, थोडं मोठं.

नवा दर १ एप्रिलपासून लावू नका, त्या तारखेवर टोलचा हक्क आहे आणि निम्म्या लोकांना ती थट्टा वाटते. मे नको, मालकांना मान वर करायला फुरसत नसते. शुक्रवार तर कुठल्याच महिन्यातला नको. फेब्रुवारीतला एखादा मंगळवार बघा, जेवणं झाल्यावर, दोन ते चारच्या मध्ये, आणि मेसेज न पाठवता फोन लावा.